बीटा टेस्टिंग म्हणजे काय? छोट्या धंदेवाल्यांसाठी सोप्या भाषेत



बॅचमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, एक कंपनीवाला बिलिंगचं ॲप देतोय. बीटा व्हर्जन आहे, आत्ता घेतलंत तर स्वस्तात पडेल म्हणतोय. घेऊ का?" दुसरा प्रश्न उलट्या बाजूचा असतो. "सर, मी स्वतःचं ॲप बनवून घेतोय. डेव्हलपर म्हणतो आधी बीटा करू. म्हणजे मला नक्की काय करायला लागेल?"

एक जण घेणारा, एक जण विकणारा. पण बीटा टेस्टिंग कशासाठी असतं हे कळलं, की दोघांनाही उत्तर मिळतं. व्हिडिओमध्ये वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरणं बहुतेक आपल्या मुंबईतलीच घेतली आहेत.

आधी व्याख्या

सॉफ्टवेअर तयार झालं की पहिल्यांदा बनवणारेच ते तपासतात. ऑफिसमध्ये, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, चांगल्या नेटवर. याला अल्फा टेस्टिंग म्हणतात. त्यातल्या मोठ्या चुका काढल्या की ते बाहेरच्या थोड्या माणसांच्या हातात देतात. ही माणसं ते आपल्या फोनवर, आपल्या जागेत, आपल्या रोजच्या कामासाठी वापरतात आणि काय अडलं ते सांगतात. हे बीटा टेस्टिंग. त्यातून दुरुस्त्या झाल्या की मग सगळ्यांसाठी रिलीज.

ही नावं कॉम्प्युटरच्या जुन्या काळातली आहेत. आयबीएम कंपनीत नवीन मशीनची एक तपासणी जाहीर करण्याआधी व्हायची, ती ए टेस्ट. दुसरी उत्पादनाला पाठवण्याआधी, ती बी टेस्ट. ए आणि बीचं पुढे अल्फा आणि बीटा झालं.

स्वयंपाकघरात आणून बघा. तुम्ही मसाला विकायचं ठरवलंत. स्वतः कालवण करून चाखलंत, ती अल्फा. शेजारच्या सहा घरांत एकेक डबी दिलीत आणि त्यांनी आपल्या पद्धतीने, आपल्या अंदाजाने तो मसाला घातला, ती बीटा. तुम्ही दोन चमचे घालता, शेजारीण चार घालते. तिच्या घरी कालवण तिखटजाळ झालं, तर चूक तिची म्हणायची की डबीवर प्रमाण न लिहिणाऱ्याची? हा प्रश्न तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कधीच पडला नसता. बीटा करायची ती यासाठी.

बीटाचे दोन प्रकार असतात. मोजक्या, निवडलेल्या लोकांनाच दिलं तर क्लोज्ड बीटा. ज्याला हवं त्याने घ्या, पण हे अजून तपासणीत आहे असं सांगून दिलं तर ओपन बीटा. आपल्यासारख्यांनी सुरुवात नेहमी क्लोज्डने करावी. कारण पुढच्या दोन उदाहरणांत दिसेल.

कलिना, २०१७: एका झटक्यात सगळं बदललं तर

खारदांड्यातून कलिना फार लांब नाही. तिथलं मुंबई विद्यापीठाचं २०१७ चं वर्ष ज्यांनी विद्यार्थी म्हणून काढलं, ते अजून विसरलेले नाहीत.

त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांचे पेपर कॉम्प्युटरवर तपासायचं ठरलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, शिक्षकांनी स्क्रीनवर वाचून मार्क द्यायचे. कल्पना म्हणून यात वाईट काहीच नव्हतं. पण हे एकाच हंगामात सगळ्या शाखांना लागू झालं. ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका.

मग एकेक अडचण बाहेर यायला लागली. स्कॅनिंगला वेळ लागला. शिक्षकांना लॉग-इनचे प्रॉब्लेम आले. अनेकांना स्क्रीनवर तपासायची सवयच नव्हती. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या तक्रारी आल्या. कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत लागायला हवे ते निकाल रखडले. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत गेले. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश, परदेशातल्या जागा, नोकऱ्या, सगळं मुलांच्या अंगावर आलं. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

आता धंदेवाल्याच्या नजरेने बघा. यातली प्रत्येक अडचण छोट्या प्रमाणातही दिसली असती. एका शाखेचा एखादाच पेपर आधी या पद्धतीने तपासला असता, तर लॉग-इन अडकतं हे दहा शिक्षकांनीही सांगितलं असतं. तेव्हा नुकसान मोजक्या उत्तरपत्रिकांपुरतं राहिलं असतं आणि त्या हाताने तपासून वेळ निभावता आली असती. स्क्रीनवर तपासणी विद्यापीठाने पुढेही चालूच ठेवली. म्हणजे यंत्र टाकाऊ नव्हतं, आणायची रीत चुकली.

मिंट रोड, २०२२: थोड्यांपासून सुरुवात केली तर

दुसरं उदाहरण फोर्टमधलं. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ ला सामान्य माणसांसाठीच्या डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली. बँकेने त्याला पायलट म्हटलं. पायलट आणि बीटा हे अगदी एकच शब्द नाहीत. पायलटमध्ये अख्खी व्यवस्था छोट्या प्रमाणात चालवून बघतात, बीटामध्ये भर सॉफ्टवेअरवर असतो. पण काम करायची पद्धत सख्ख्या भावंडांसारखी.

कशी केली बघा. सुरुवातीला चारच शहरं: मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू, भुवनेश्वर. चारच बँका: स्टेट बँक, आयसीआयसीआय, येस बँक, आयडीएफसी फर्स्ट. त्यातही सगळे खातेदार घेतले नाहीत, निवडलेले ग्राहक आणि निवडलेले दुकानदार, एवढाच बंद गट. आणखी चार बँका आणि बाकीची शहरं नंतर घ्यायची हे आधीच सांगितलेलं होतं.

चाचणी कशासाठी, हेही रिझर्व्ह बँकेने पहिल्याच निवेदनात लिहिलं होतं. डिजिटल रुपया तयार होणं, वाटला जाणं आणि दुकानात वापरला जाणं, ही पूर्ण साखळी प्रत्यक्षात नीट चालते का ते बघायचं. बाकीच्या सोयी पुढच्या चाचण्यांत, या चाचणीतून जे शिकू त्यावरून. पुढे झालंही तसंच. दुकानातल्या यूपीआयच्या क्यूआर कोडवर डिजिटल रुपया चालायची सोय २०२३ मध्ये आली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या काळात नोटा चालूच होत्या, यूपीआयही चालू होतं. डिजिटल रुपया अडला तर गिऱ्हाईक खिशातून नोट काढत होतं. कोणाचा धंदा बंद पडायची वेळ येणार नव्हती.

तुमच्या काउंटरवरचं यूपीआयसुद्धा असंच आलं. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत त्याची पायलट सुरुवात झाली, २१ बँकांना घेऊन. सामान्य लोकांसाठी बँकांची ॲप्स प्ले स्टोअरवर यायला २५ ऑगस्ट उजाडला. मधले चार महिने वाया गेलेले नाहीत.

किराणावाल्यांच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर ओएनडीसी घ्या. छोट्या दुकानदारालाही ऑनलाइन विकता यावं म्हणून सरकारच्या पुढाकाराने उभं केलेलं नेटवर्क. एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत पायलट, आणि ३० सप्टेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी बीटा टेस्टिंग. ते कुठे? संपूर्ण देशात नाही, बंगळुरू शहराच्या १६ पिनकोडमध्ये. एवढी मोठी यंत्रणा पिनकोड मोजून सुरुवात करते, आणि आपण पहिल्याच दिवशी ऑल इंडिया डिलिव्हरीचा बोर्ड लावतो!

आता आपल्या कोळीवाड्यात करून बघू

हे उदाहरण समजण्यासाठी रचलेलं आहे.

समजा तुमच्या बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने दांड्यातल्या मासेवाल्या मावश्यांसाठी ऑर्डरचं ॲप बनवलं. कार्टर रोडच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी घरबसल्या म्हावरं मागवायचं, मावशीच्या फोनवर ऑर्डर यायची. घरी आईने वापरून बघितलं, मित्रांनी बघितलं, सगळे म्हणाले एक नंबर. ही झाली अल्फा.

आता पाच मावश्या, तीन बिल्डिंगमधली तीस गिऱ्हाइकं आणि पंधरा दिवस. ही बीटा. काय काय बाहेर येईल?

पहिल्याच दिवशी कळेल की ॲपमध्ये सगळं किलोत आहे. मावशी कोलंबी वाट्याने विकते आणि पापलेट नगावर. वाटा केवढा हे मावशीला आणि तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला माहीत, ॲपला नाही.

दुसरं, ॲपमध्ये भाव सकाळी एकदा भरायचा आहे. बाजारात सकाळचा भाव आणि दुपारी टोपली संपत आल्यावरचा भाव एक नसतो. बारा वाजता सकाळच्या भावाने ऑर्डर पडली तर गिऱ्हाईक जास्त देतं आणि परत येत नाही.

तिसरं, मावशीचे हात ओले, खवले लागलेले. टचस्क्रीन चालत नाही. ऑर्डर आल्याची टिंग बाजाराच्या गलक्यात ऐकू येत नाही. दहा मिनिटांत ऑर्डर स्वीकारली नाही की ॲप ती रद्द करतं. भाच्याला वाटेल मावशी लक्ष देत नाही. मावशीला वाटेल ॲप बिघडलंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

चौथं, गिऱ्हाईक विचारतं, "साफ करून, तुकडे करून मिळेल ना?" ॲपमध्ये ते बटणच नाही. मावशी समोरासमोर न विचारताच कापून देते, म्हणून ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि पाचवं, पावसाळ्यात मासेमारी बंद. जून-जुलैमध्ये ताज्या मासळीचं पान रिकामं दिसणार. तेव्हा सुकट, सुके बोंबील, जवळा पुढे यायला हवा.

या पाचपैकी एकही चूक कोडिंगची नाही. भाच्याचा प्रोग्रॅम त्याच्या हिशेबाने परफेक्ट चालतोय, पण बाजार कसा चालतो हे त्याला कळलेलं नाही. ते बाजारात नेऊनच कळतं.

बीटा करायची पद्धत

वही काढा, हे लिहून घ्या.

१. एकच प्रश्न ठरवा. "ॲप कसं वाटलं?" हा प्रश्न नव्हे. "मावशी कोणाच्या मदतीशिवाय दिवसातल्या सगळ्या ऑर्डर घेऊ शकते का?" हा प्रश्न. उत्तर हो किंवा नाही असं आलं पाहिजे.

२. माणसं विचार करून निवडा. नातेवाईक कौतुक करतात, म्हणून ते कमी ठेवा. दोन नेहमीची गिऱ्हाइकं, दोन कटकटी गिऱ्हाइकं, एक-दोन फोनला घाबरणारी माणसं आणि एक जुना स्वस्तातला फोन. नवीन फोनवर सगळंच छान चालतं.

३. शेवटची तारीख आधीच जाहीर करा. पंधरा दिवस, तीन आठवडे, जे असेल ते. जीमेलवर बीटाची पाटी एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत होती. गूगलला ते परवडलं. आपल्याकडे वर्षभर "अजून ट्रायल चालू आहे" म्हणणाऱ्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही.

४. जुनी वही बंद करू नका. ॲपवर बिल केलंत तरी तेवढे दिवस वहीतही लिहा. रात्री दोन्हीची बेरीज जुळवा. डबल काम आहे, मान्य. पण कलिना आणि मिंट रोडमधला फरक इथेच आहे.

५. समोरच्याला स्पष्ट सांगा. "हे तपासणीत आहे, चुकू शकतं, चुकलं तर नुकसान माझं." गिऱ्हाइकाला न सांगता त्याच्यावर प्रयोग करणं म्हणजे फसवणूक. त्याचा फोन नंबर, पत्ता घेताय तर कशासाठी घेताय ते सांगून, विचारून घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीवरच उभा आहे.

६. ऐकण्यापेक्षा बघा. माणसं तोंडावर "छान आहे" म्हणतात. पाच मिनिटं शेजारी उभं राहा आणि बोलू नका. बोट कुठे अडखळतं, कुठे मुलाला हाक मारतात, ते टिपून ठेवा.

७. तक्रारींचे तीन ढीग करा. पहिला ढीग पैशाचा: चुकीचं बिल, दोनदा कापलेली रक्कम, गायब झालेली उधारी. यातलं एक जरी निघालं तरी ट्रायल तिथेच थांबवा, आधी ते दुरुस्त करा. दुसरा ढीग अडचणीचा: काम होतं पण त्रासाने. तिसरा ढीग हौशेचा: रंग बदला, फोटो मोठा करा. नवीन माणूस नेमका तिसऱ्या ढिगावर पैसे घालवतो, कारण ते काम सोपं असतं.

८. थांबायचा आकडा आधी लिहा. तीसपैकी वीस जणांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली तर पुढे जायचं. दहाच्या खाली आलं तर थांबायचं. हा आकडा तुमच्या धंद्याप्रमाणे तुम्ही ठरवा, पण ट्रायल सुरू व्हायच्या आधी. नंतर ठरवलात तर मन जिंकायला लावतं.

डेव्हलपर "उद्या प्ले स्टोअरवर टाकतो" म्हणाला तर

गूगल प्लेचा एक नियम माहीत असू द्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट करावीच लागते. सुरुवातीला त्यासाठी २० माणसं लागायची. डिसेंबर २०२४ पासून ती अट १२ वर आली. ही माणसं सलग १४ दिवस टेस्टमध्ये राहायला हवीत. आयफोनसाठी ॲपलचं टेस्टफ्लाइट आहे. त्यात बाहेरचे १०,००० पर्यंत लोक घेता येतात आणि एक बिल्ड ९० दिवस चालतं.

म्हणून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ॲप आणायचा बेत असेल तर हे दिवस आधीच मोजा. आणि १२ माणसं भरायची म्हणून वाट्टेल त्याचे ईमेल आयडी टाकू नका. नाहीतरी चौदा दिवस थांबायचंच आहे, तर खरी गिऱ्हाइकं घ्या आणि वरचे आठ मुद्दे वापरा. नियमही पाळला जातो आणि शिकायलाही मिळतं.

आणि तुम्हालाच कोणी "बीटा ग्राहक" बनवत असेल तर

आता पहिल्या प्रश्नाकडे. कंपनीवाला म्हणतो बीटा आहे, स्वस्तात घ्या. सही करण्याआधी त्याला हे विचारा.

बीटा किती तारखेला संपणार? त्यानंतर दर काय? माझा डेटा, म्हणजे गिऱ्हाइकांची यादी, स्टॉक, उधारी, मला एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल का? आत्ता, माझ्यासमोर काढून दाखवा. नेट गेलं तर बिल होतं का? बिल चुकलं तर संध्याकाळी सात वाजता, दुकानात गर्दी असताना, फोन कोण उचलणार? मी सांगितलेली चूक दुरुस्त झाली हे मला कसं कळणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जो खरंच बीटा करतोय त्याला तुमच्या तक्रारी हव्या असतात. तो आठवड्याने स्वतः फोन करतो. जो फक्त वर्षाचे पैसे आगाऊ मागतो आणि परत तोंड दाखवत नाही, त्याच्यासाठी बीटा हा डिस्काउंटला दिलेला नवीन शब्द आहे. बीटामध्ये धोका तुम्ही घेताय, वेळ तुमचा जातोय. त्यामुळे फुकट किंवा नाममात्र दरात मिळणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

सगळी उत्तरं नीट मिळाली तर जरूर घ्या. चांगल्या टीमबरोबर बीटा करण्याचा फायदा मोठा असतो. सॉफ्टवेअर तुमच्या धंद्याच्या मापाने बेतलं जातं. वाटा, नग, डझन, उधारी, जे तुमच्याकडे चालतं ते त्यात येतं. दुसऱ्या कोणाच्या मापाचा सदरा घालून फिरावं लागत नाही.

सॉफ्टवेअर नसेल तर?

हीच पद्धत पोळी-भाजी केंद्राला, टिफिनला, शिवणकामाला, क्लासला लागू पडते. गाळा भाड्याने घेण्याआधी, मुद्रा लोनचा फॉर्म भरण्याआधी, दहा घरांना पंधरा दिवस डबा देऊन बघा. डिपॉझिट अडकल्यावर जे कळतं, त्यातलं निम्मं त्या दहा डब्यांत कळतं. झाकण गळतं, अकराच्या लोकलला डबा पोहोचत नाही, गुरुवारी तीन घरं उपवास करतात, असल्या गोष्टी.

बीटामध्ये चुका निघाल्या म्हणून नाराज होऊ नका. एकही चूक निघाली नाही तर उलट शंका घ्या. बहुतेक माणसं चुकीची निवडली किंवा ती तुम्हाला दुखवायला घाबरली.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही जे सुरू करताय त्याचा एकच प्रश्न एका ओळीत लिहा. त्याखाली दहा माणसांची नावं लिहा, त्यात नातेवाईक जास्तीत जास्त दोन. त्याखाली सुरू करायची आणि संपवायची तारीख. कागद दुकानात किंवा फ्रिजवर चिकटवा. बॅचला येताना फोटो काढून आणा, प्रत्येकाचा प्रश्न आपण बसून तासून घेऊ.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जपून करा, वही लिहीत राहा!